दोन तक्ते : एक दाटीचा, एक विरळ

वय २७. एएमएच ८.४. पाळीचा दुसरा दिवस : उजवीकडे १७, डावीकडे १५. सिकलिंग एएस. राहणार सावनेर.

तक्त्याच्या माथ्यावर एवढंच लिहिलेलं आहे. अजून एकही सुई लागलेली नाही. तरी हा प्रकार वाचायची ज्याला सवय आहे तो या ओळीवरच थबकतो, कारण पुढच्या बारा दिवसांत काय बिघडू शकतं ते बरंचसं इथेच सांगून झालं आहे.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडाशयांना सुया देऊन एकाऐवजी अनेक बीजं वाढवतात. त्या दिवसांची नोंद ठेवणारा हा कागद. तारीख, सुईचा दिवस, औषध, मात्रा, उजवा अंडाशय, डावा अंडाशय, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, रक्तातलं इस्ट्रॅडिओल आणि शेवटी शेरा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत सकाळी गेलात तर सावनेर, खापा, केळवद, पाटणसावंगीहून आलेल्या बायकांच्या मांडीवर प्लास्टिकच्या फायलीत तो दिसेल. त्याच्याकडे कोणी साहित्य म्हणून पाहत नाही, आणि पाहावं असा माझा आग्रहही नाही. पण लिहिणाऱ्यापुढे चार शब्द होते आणि त्याने नेमका हाच का घेतला, हे उमगण्यात जर वाचनाचा आनंद असेल, तर तो इतका भरपूर देणारे कागद थोडे आहेत. दोन तक्ते समोर ठेवतो. दोन्ही नमुन्याचे आहेत, कुणा एकीचे नाहीत. आकडे मात्र या कामातल्या कुणालाही ओळखीचे वाटतील.

माथ्याची ओळ आधी. एएमएच हे संप्रेरक अंडाशयातल्या बारीक फॉलिकलांभोवतीच्या पेशी तयार करतात. फॉलिकल म्हणजे बीज सांभाळणारी पाण्याची इवलीशी पिशवी. पिशव्या जास्त तर एएमएच जास्त. मिलिलिटरला ८.४ नॅनोग्रॅम हा आकडा भरघोस आहे आणि सोनोग्राफीत मोजलेली ३२ फॉलिकलं त्याला दुजोरा देतात. घरच्यांना हे ऐकून हायसं वाटतं. डॉक्टर मात्र इथेच सावध होतो. ही सगळी एकदम वाढीला लागली तर अंडाशय फुगतात, रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून पोटात, कधी छातीत साठतं, रक्त दाट होतं, गुठळी होण्याची भीती उभी राहते. याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य प्रकार पुष्कळ दिसतात, तीव्र थोडे. पण जे तीव्र ते जिवावर बेतू शकतात.

आता 'सिकलिंग एएस'. विदर्भाबाहेरचा वाचक ही नोंद ओलांडून पुढे जाईल. इकडे तसं करता येत नाही, कारण सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार इथल्या कितीतरी घरांत आहे. एएस म्हणजे वाहक. तिला एरवी काही त्रास नसतो. पण रक्त दाट होणं ही त्या रक्ताला न मानवणारी गोष्ट. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष रोगी, असती तर प्रश्न फारच गंभीर झाला असता. एएस आहे, तरी लिहिणारा हात थोडा आखडता घेतो. आणि 'राहणार सावनेर' हीसुद्धा मी वैद्यकीय नोंदच समजतो. कोराडीमार्गे नागपूर ३५-४० किलोमीटर. दिवसा काहीच नाही. पण पोट टम्म फुगलेलं, लघवी कमी झालेली, श्वास लागलेला, अशा अवस्थेत रात्री दोनला गाडी शोधायची झाली तर तेच अंतर वेगळं होतं. धंतोलीत राहणाऱ्या बाईच्या तक्त्यावर जी जोखीम एखादा डॉक्टर घेईल, ती इथे घेऊ नये.

मग सुयांची पहिली ओळ : एफएसएच १५० युनिट. खाली तीन दिवस तेच. कोपऱ्यात एक शब्द : अँटॅगोनिस्ट.

एफएसएच म्हणजे फॉलिकलं वाढवणारं संप्रेरक. मात्रा मुद्दाम कमी आहे. २२५ दिली असती तर बीजं आणखी चार-सहा निघाली असती, मूल होण्याची शक्यता मात्र तेवढी वाढली नसती. नेदरलँड्समधल्या ऑप्टिमिस्ट नावाच्या अभ्यासात पंधराशेहून अधिक बायका होत्या. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फॉलिकलांच्या संख्येप्रमाणे मात्रा कमीजास्त करून अधिक मुलं जन्मली नाहीत. पण ज्यांचा प्रतिसाद दांडगा असणार होता त्यांच्यात कमी मात्रेने ओएचएसएस घटला. म्हणजे १५० हा आकडा कंजुषीचा नाही. तो वाचवायचं काय आहे ते ठरवून लिहिलेला आहे.

कोपऱ्यातला शब्द जास्त महत्त्वाचा, आणि त्याची जुनी बाजू सावनेर-काटोल पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगायला संत्र्याची बाग पुरते. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, वाढ थांबते. मग पावसाच्या तोंडावर पाणी मिळालं की झाड सगळीकडून एकदम फुलतं. १९८० च्या दशकात आलेल्या लाँग प्रोटोकॉलची रीत हीच होती. आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसाच्या आसपास अॅगोनिस्ट नावाची सुई सुरू करायची, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी गप्प करायची, अंडाशयांना ताण द्यायचा आणि मग बाहेरून एफएसएच देऊन बहार धरायचा. बहार एकसारखा येई. पण अशी गप्प केलेली ग्रंथी शेवटी एखाद्या कामासाठी उठवायची म्हटली तर उठत नाही. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढचं सारं त्यावर उभं आहे.

अँटॅगोनिस्ट प्रकारात आधी ताण नाही. सुया थेट दुसऱ्या दिवसापासून, आणि बीजं अवेळी सुटू नयेत म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी ग्रंथीला तात्पुरतं अडवणारी ०.२५ मिलिग्रॅमची दुसरी सुई. ही औषधं दोन हजार सालाच्या सुमारास वापरात आली. ग्रंथी इथे फक्त अडवलेली असते, तिची ताकद शाबूत राहते.

सुईचा सहावा दिवस. इथे '१५०' वर आडवी रेघ आणि शेजारी '११२.५'. फॉलिकलं १० ते १२ मिलिमीटरची, बरीच; इस्ट्रॅडिओल, म्हणजे वाढती फॉलिकलं सोडतात ते संप्रेरक, ११००. तक्त्यात मला सर्वांत आवडते ती ही खोडाखोड. वाढणारं फॉलिकल जसं मोठं होतं तसं त्याला एफएसएच कमी लागतं. मागे राहिलेल्या बारक्यांना मात्र भरपूर लागतं. मात्रा उतरवली की पुढची चालत राहतात आणि मागच्यांपैकी काही गळतात. या एका रेघेने लिहिणाऱ्याने सांगितलं की मला सगळी नको आहेत. शेऱ्यात त्याच दिवशी 'सुया बर्फाच्या थर्मासमध्ये दिल्या' असंही आहे. महिना मे. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं आणि बाहेर पंचेचाळीस. विदर्भातल्या तक्त्यात ऋतूसुद्धा असा कोपऱ्यातून डोकावतो.

आठव्या दिवशी १४-१५ मिलिमीटर. दहाव्या दिवशी पुढची तीन १८ ची, मागोमाग दाटी. ११ मिलिमीटरच्या वरची एकूण चोवीस. इस्ट्रॅडिओल ५२००. शेजारी नर्सच्या अक्षरात वेळ : रात्री १०.३०. त्या वेळेचं महत्त्व प्रत्येकीला दोनदा सांगितलं जातं. "ताई, साडेदहा म्हणजे साडेदहाच. पाहुणे आले, झोप लागली, काही चालणार नाही." कारण तिथून ३५-३६ तासांनी पिकअप, म्हणजे बीजं काढणं. तीनेक तास मागेपुढे झालं तर बीजं एकतर कच्ची, नाहीतर सुटून गेलेली.

त्या साडेदहाच्या सुईला ट्रिगर म्हणतात. बीज पक्व व्हायला लागणारा शेवटचा जोर. निसर्गात तो एलएच या संप्रेरकाच्या उसळीतून येतो. उपचारात वर्षानुवर्षं त्याऐवजी एचसीजी दिलं, पाच किंवा दहा हजार युनिट. ते एलएचच्याच जागी जाऊन बसतं आणि काम चोख करतं. खोट एकच, ते जात नाही. एलएच तासाभरात निम्मं होतं. एचसीजीला त्यासाठी दिवसाहून जास्त वेळ लागतो, आणि आठवडाभर ते अंडाशयांना चाळवत राहतं. दोन-तीन फॉलिकलं असतील तर हरकत नाही. चोवीस असतील तर प्रत्येकातून रक्तवाहिन्या पाझरायला लावणारा व्हीईजीएफ हा घटक बाहेर पडत राहतो, आणि ओएचएसएसचं सारं प्रकरण तिथून सुरू होतं.

या तक्त्यावर एचसीजी नाही. तिथे लिहिलंय : ट्रिप्टोरेलिन ०.२ मिलिग्रॅम. हे अॅगोनिस्ट, म्हणजे जुन्या पद्धतीत ग्रंथीला गप्प करणारंच औषध. पण ते दिवसेंदिवस दिलं तर गप्प करतं, एकदाच दिलं तर उलट चेतवतं. अँटॅगोनिस्टला बाजूला सारून ते ग्रंथीपाशी पोचतं, ग्रंथी साठवलेलं एलएच एका उसळीत सोडते, बीजं पिकतात आणि दीडेक दिवसात उसळ ओसरते. मागे काही रेंगाळत नाही. तीव्र ओएचएसएस जवळजवळ नाहीसा होतो. १९९०-९१ मध्येच हे शोधनिबंधांत आलं होतं. पण त्या काळी सगळीकडे लाँग प्रोटोकॉल, ग्रंथी ताण देऊन निजवलेली, मग उसळी मारणार कोण? अँटॅगोनिस्ट आल्यावरच ही युक्ती सर्रास वापरता आली.

म्हणजे दहाव्या रात्रीची ओळ पहिल्या दिवशीच्या कोपऱ्यातल्या शब्दात दडलेली होती. पहिल्या दिवशी वेगळा शब्द लिहिला असता तर दहाव्या दिवशी कितीही शहाणपण सुचून उपयोग नव्हता. नाटकाच्या पहिल्या अंकातच शेवटाची सोय करून ठेवणारा नाटककार आपल्याला आवडतो. इथे ती सोय एका बाईच्या जिवासाठी केलेली आहे.

पिकअप : २२ बीजं, १७ पक्व. आणि शेऱ्यात तीन शब्द, 'सर्व भ्रूण गोठवणे'.

या तीन शब्दांवरून घरात वाद होतो. बाहेरच्या बाकावर एखादी सासू हमखास म्हणते, "एवढे बीज निघाले, अन् मॅडम म्हणते या महिन्यात ठेवत नाही. मंग काढले कायले?" प्रश्न रास्त आहे. उत्तरं दोन. एक, एलएच लवकर ओसरल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला जो आधार हवा तोही ओसरलेला असतो. दुसरं, गर्भ राहिला तर तो स्वतःच एचसीजी तयार करू लागतो, आणि जे टाळलं तेच दहा-बारा दिवसांनी आतून परत येतं. म्हणून या महिन्यात गर्भ न राहणं हासुद्धा उपचाराचाच भाग. ब्रुसेल्सच्या पॉल डेव्ह्रोए आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही सगळी साखळी, म्हणजे अँटॅगोनिस्ट, अॅगोनिस्टचा ट्रिगर आणि गोठवण, एकत्र मांडून ओएचएसएसमुक्त दवाखान्याची कल्पना लिहिली. तेव्हापासून दाटीच्या तक्त्याचा शेवट जवळपास ठरलेला आहे.

पण हा शेवट त्याहून जुना आहे, आणि त्याची गोष्ट कोलकात्याहून मुंबईला येते.

१९७८ साली जगात दोन टेस्ट ट्यूब बाळं जन्मली. २५ जुलैला इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुर्गा. पहिलीबद्दल सगळ्यांना माहीत असतं. तिच्या जन्माआधी स्टेपटो आणि एडवर्ड्स यांनी औषधं देऊन पुष्कळ बीजं काढून पाहिली होती. गर्भ टिकत नव्हते, कारण औषधांनी पाळीच्या दुसऱ्या अर्ध्याची घडी विस्कटत होती. शेवटी त्यांनी औषधंच सोडली. नैसर्गिक चक्रात तयार झालेलं एकुलतं एक बीज काढलं आणि त्यातून लुईस जन्मली. कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांच्यापुढे तीच अडचण होती. त्यांनी उलट केलं. औषध ठेवलं, रजोनिवृत्त बायकांच्या लघवीतून मिळवलेलं एचएमजी. योनीमार्गातून बीजं काढली, भ्रूण तयार केले, आणि विस्कटलेल्या महिन्यात गर्भाशयात न ठेवता गोठवले. ५३ दिवसांनी, पुढच्या चक्रात, ते वितळवून ठेवले. गोठवलेल्या भ्रूणापासून मूल झाल्याचं श्रेय जग त्यानंतर सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, मेलबर्नला देणार होतं.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने मुखोपाध्यायांवर विश्वास ठेवला नाही. परदेशी जाऊन काम मांडायला परवानगी मिळाली नाही, बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

नंतरचा भाग मुंबईचा. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा जन्मली; डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून. देशातली पहिली, असंच सगळे म्हणत. १९९७ मध्ये आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची जुनी टिपणं आली. त्यांनी ती वाचली, पद्धतीचा एकेक टप्पा तपासला, आणि 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी, म्हणजेच मुखोपाध्याय. स्वतःच्या नावाला चिकटलेला 'पहिला' त्यांनी स्वतःच्या हाताने काढून दुसऱ्याला दिला. मराठीत रसग्रहणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. वाचण्यासाठी वाचणाऱ्याला एवढी किंमत मोजावी लागल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मला यात दिसतं ते असं. दाटीचा तक्ता मुखोपाध्यायांच्या बाजूचा आहे : भरपूर वाढवा, पण त्या महिन्याला हात लावू नका. विरळ तक्ता एडवर्ड्सच्या बाजूचा आहे. आज धंतोलीत एकाच टेबलावर दोन फायली शेजारी पडलेल्या असतात त्या १९७८ च्या या दोन उत्तरांच्या.

विरळ तक्त्याकडे जाण्याआधी या वाङ्मयातल्या एका फसलेल्या ओळीबद्दल बोलायला हवं. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात बीजदात्रीसाठी नियम आहे : वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. हेतू मनापासून पटतो. गरीब मुलींना पुन्हापुन्हा सुया देऊन वीस-तीस बीजं काढण्याच्या हावेला लगाम हवाच होता. पण ओळ लिहिणाऱ्याने तक्ता वाचलेला नाही. या वयाची निरोगी बाई म्हणजे बहुतेकदा दाटीचाच तक्ता. कितीही मोजून दिलं तरी अंडाशय सातावर थांबत नाही. आणि सात काढून बाकीची तशीच ठेवल्याने ओएचएसएसची भीती जात नाही. ती जाते मात्रा, प्रकार आणि ट्रिगर यांच्या निवडीने. कायद्याने सातऐवजी या तीन रकान्यांची नोंद मागितली असती तर ती ओळ जास्त कामाची झाली असती.

दुसरा तक्ता. वय ३८. एएमएच ०.६. उजवीकडे २, डावीकडे ३. आधी एकदा दुसरीकडे उपचार, मात्रा ४५०, बीजं दोन. हीसुद्धा सावनेरचीच.

अशा प्रतिसादाला काय म्हणावं यावर तज्ज्ञांनी बराच काळ घोळ घातला. २०११ मध्ये बोलोन्यात निकष ठरले : चाळिशी किंवा तसंच काही कारण, आधी नेहमीच्या मात्रेला तीन किंवा कमी बीजं, आणि चाचण्यांतले कमी आकडे, तिन्हीतले दोन असले की प्रतिसाद कमी. २०१६ मध्ये पोसायडन नावाच्या गटाने वयाची रेघ ३५ ला आणि एएमएचची १.२ ला मारून चार गट केले. मला दुसरं वर्गीकरण अधिक रसाळ वाटतं, कारण त्याने वय आणि संख्या यांची गल्लत सोडवली. तिशीची बाई, बीजं तीन. एकेचाळीसची बाई, बीजं दहा. दोघींत पहिलीचं भाग्य बहुधा जास्त, कारण बीजाचा दर्जा वयाबरोबर उतरतो, मोजणीबरोबर नव्हे. आपल्याकडे वयाचा हिशेब थोडा आणखी कडक आहे. २०१४ मध्ये स्पॅनिश आणि भारतीय बायकांची तुलना छापून आली, तेव्हा भारतीय अंडाशय सुमारे सहा वर्षं पुढे गेलेले दिसले. अडतिसाव्या वर्षी लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसतं.

पहिली ओळ : लेट्रोझोल ५ मिलिग्रॅम, पाच दिवस, सोबत एफएसएच १५०.

मागच्या ठिकाणी ४५०, इथे १५०. नातेवाइकांना हा पाणउतारा वाटतो. बाकावरचा संवाद इथे उलटा होतो. "तिकडे तर खूप सुया द्यायचे, इथं काहीच नाही." पण एफएसएच नवं बीज घडवत नाही. मुलगी जन्मते तेव्हा दहा-वीस लाख बीजं घेऊन येते, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात चारशेच्या आसपासच सुटतात. दर महिन्याला काही फॉलिकलं रांगेत येतात, एक पुढे जातं, बाकीची मरतात. औषध फक्त त्या मरणाऱ्यांना उचलून धरतं. म्हणूनच "एवढे अंडे काढले तर पाळी लवकर बंद होईन का?" या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. आणि म्हणूनच रांगेत पाच असतील तर ४५० काय नि ६०० काय, सहावं येणार नाही. प्रजनन-वैद्यकाच्या युरोपीय संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ३०० च्या वर जाऊ नये असं स्पष्ट आहे. तरी जुन्या तक्त्यांत ४५०-६०० दिसतात. घाबरलेल्या डॉक्टरने घाबरलेल्या बाईला दिलेलं ते उत्तर असतं, आणि बिल तिच्या नवऱ्याने भरलेलं असतं.

लेट्रोझोलचं आपल्या देशात स्वतंत्र पर्व झालं. मुळात स्तनाच्या कर्करोगाचं औषध. इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही, मग ग्रंथी आपलं एफएसएच वाढवते. स्वस्त, गोळीच्या रूपात. २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. त्या सहा वर्षांत इथले तक्ते ही ओळ लिहू शकत नव्हते, जगातले लिहीत होते.

एफएसएचच्या बाबतीत एक योगायोग. त्याची सुरुवातीची औषधं इटलीत रजोनिवृत्त ख्रिस्ती जोगिणींच्या लघवीतून काढली, कारण अंडाशय थांबले की ग्रंथी जास्तच एफएसएच सोडते. ज्यांना मूल नकोच होतं त्यांच्याकडून ते ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे गेलं. विरळ तक्त्याच्या बाईचं स्वतःचं एफएसएचही चढू लागलेलं असतं. तिला बाहेरून आणखी द्यायचं ते किती, हा प्रश्न म्हणूनच नाजूक.

सुईचा आठवा दिवस : १४, १३, ९. इस्ट्रॅडिओल ३४०. हा मुक्काम अवघड. इथे पुष्कळ तक्ते 'रद्द' या शब्दावर संपतात, आणि ते संपवणं प्रत्येक वेळी चूक नसतं. नाटककार गडकरी सावनेरलाच वारले, २३ जानेवारी १९१९ ला. 'भावबंधन' त्यांनी शेवटच्या दिवसांत पुरं केलं, 'राजसंन्यास' अपुरं राहिलं; अपुरं म्हणून ते वाचायचं कुणी सोडलं नाही. रद्द झालेला तक्ताही पुढच्याला पुष्कळ सांगतो. इथे मात्र लिहिणाऱ्याने पुढे जायचं ठरवलं. अकराव्या दिवशी १८, १७. तिसरं ९ वरच अडलेलं. ट्रिगर : एचसीजी.

तेच औषध, जे पहिल्या तक्त्यात विषासारखं टाळलं, इथे बिनधास्त येतं. दोन फॉलिकलांना कसली भीती? उलट त्याचं रेंगाळणं इथे अस्तराला उपयोगी. दोन तक्ते शेजारी ठेवून वाचण्याची गोडी यात आहे.

बीजं दोन, दोन्ही पक्व, भ्रूण एक. त्याच महिन्यात ठेवला.

या तक्त्यात जे नाही त्यालाही दाद द्यायला हवी. ग्रोथ हॉर्मोन नाही. डीएचईए नाही. अंडाशयात रक्तातल्या प्लेटलेट्सचा अर्क टोचणं नाही. ही सगळी जोडकामं आज विरळ तक्त्यांवर गर्दी करतात. त्यांनी मूल होण्याची शक्यता खात्रीने वाढते असा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. आशा विकत घेण्याची तयारी असलेल्या माणसासमोर ती न विकणं सोपं नसतं. एकाच महिन्यात दोनदा बीजं काढण्याची ड्युओस्टिम पद्धत, दोन-तीन महिन्यांचे भ्रूण साठवून मग ठेवणं, हे मार्ग खरे विचारात घेण्यासारखे. पण त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि ते रकाने तक्त्यावर नसतात.

त्याऐवजी शेऱ्यात एक वाक्य आहे : 'दात्रीच्या बीजाबद्दल बोललो. विचार करायला वेळ हवा म्हणाल्या.' अख्ख्या तक्त्यात बाईचा आवाज ऐकू येतो तो एवढाच. दान केलेल्या बीजापासून हिंदुजांच्या उपचारातून मूल झालं ते १९९१ च्या जानेवारीत. म्हणजे हा दरवाजा आपल्याकडे तीन दशकांहून जास्त काळ उघडा आहे. तो दाखवायचा कधी हे कुठल्याही मार्गदर्शनात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं नाही. लवकर दाखवला तर बाईला वाटतं आपल्याला मोडीत काढलं. उशिरा दाखवला तर हातचे पैसे संपलेले असतात. या डॉक्टरने तो दाखवला, आणि 'वेळ हवा' हे उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं. मला हा शेरा पहिल्या तक्त्यातल्या ११२.५ च्या तोडीचा वाटतो.

पहिल्या तक्त्यात २२ बीजं, दुसऱ्यात दोन. पहिला यशस्वी आणि दुसरा अपयशी असं वाचणारा वाचक फसतो. ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी २०११ मध्ये तपासल्या तेव्हा दिसलं की त्याच महिन्यात भ्रूण ठेवायचा तर मूल होण्याची शक्यता साधारण पंधरा बीजांपर्यंत वाढते, विसापर्यंत तशीच राहते, आणि पुढे उतरू लागते. आणि खालच्या टोकाला लुईस ब्राउन एका बीजातून जन्मली होती.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. पुढच्या खेपेला अंडाशय कसे वागतील हे सांगायला मागच्या खेपेच्या तक्त्याएवढा बोलका कागद दुसरा नाही. पण बायकांच्या फायलीत बहुधा डिस्चार्ज कार्ड असतं, त्यावर 'बीजं २, निकाल निगेटिव्ह' एवढंच. तक्ता दवाखान्यातच राहतो. तो मागून घ्यावा. औषधाचं नाव, मात्रा, प्रत्येक सोनोग्राफीचे मिलिमीटर, ट्रिगर कोणता आणि किती वाजता, पक्व बीजं किती, एवढं त्यात हवं. दुसऱ्या तक्त्याच्या बाईला पुढे कुणीही पाहिलं तर तो दुसऱ्या दिवशीच्या पाच आणि अकराव्या दिवशीच्या दोन यांच्यामधली तीन शोधायला लागेल. त्यातलं एक ९ मिलिमीटरवर अडलं होतं, म्हणजे रांगेतली सगळी एका मापाची नव्हती. मग आधीच्या पाळीच्या शेवटच्या आठवड्यात इस्ट्रॅडिओलच्या गोळ्या देऊन त्यांना एका रेषेत आणून पाहता येतं. '९' हा आकडा कुणी लिहून ठेवला नसता तर हा विचार सुचायला जागाच नव्हती.